सर्व्हिस सेंटर दूर असताना: गाडीचा स्कॅनर कसा निवडावा

भामरागडला किंवा सिरोंच्याला डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला, तर कंपनीचे सर्व्हिस सेंटर तासन्‌तास दूर असते. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद होतो. गावचा मिस्त्री कितीही जाणता असला तरी आजच्या गाडीतला बिघाड आधी गाडीच्या संगणकात कोडच्या रूपात नोंदला जातो, आणि ती नोंद वाचायला स्कॅनर लागतो. चंद्रपूर-गडचिरोलीत हे यंत्र घरात असणे चैन नाही. पण ते घेताना पैसे वाया जाण्याच्या जागा बऱ्याच आहेत, म्हणून एकेक पायरी नीट पाहू.

आधी गाडीची आरसी काढावी आणि गाडी प्रदूषणाच्या बीएस-३, बीएस-४ की बीएस-६ नियमाची ते पाहावे. स्कॅनर ज्या व्यवस्थेशी बोलतो तिला ओबीडी म्हणतात. गाडीने स्वतःच्याच भागांवर ठेवलेली ही देखरेख असते. आपल्याकडे बीएस-४ मोटारींना ओबीडीची दुसरी, पूर्ण आवृत्ती १ एप्रिल २०१३ पासून लागू झाली. बीएस-४ नियम २०१० मध्ये आधी १३ शहरांत आला, त्यात महाराष्ट्रातली मुंबई, पुणे आणि सोलापूर होती. देशभर तो १ एप्रिल २०१७ ला लागू झाला. त्यामुळे मधल्या वर्षांतल्या गाडीचे फक्त साल पाहून भागत नाही. एकाच सालच्या दोन गाड्यांतली एक स्कॅनरला उत्तर देईल, दुसरी अर्धवट देईल किंवा देणारच नाही. जुन्या जिप्सीसाठी किंवा बोलेरोसाठी स्कॅनर घेत असाल, तर दुकानदाराला आपल्याच गाडीवर लावून दाखवायला सांगावे.

मग सॉकेट शोधावे. ते बहुधा स्टिअरिंगखाली, चालकाच्या गुडघ्याच्या वर असते. आठ-आठच्या दोन ओळी, एकूण १६ खाचा. खाच क्रमांक १६ मध्ये बॅटरीचा थेट करंट येतो. स्कॅनर लावल्यावर दिवाच लागला नाही तर यंत्राला दोष देण्याआधी फ्यूज तपासावा. अनेक गाड्यांत सिगारेट लायटरचा आणि या सॉकेटचा फ्यूज एकच असतो. मोबाइलच्या स्वस्त चार्जरने तो उडालेला असतो आणि चांगला स्कॅनर दुकानात परत जातो.

आता प्रकार पाहू. सर्वात स्वस्त म्हणजे मोबाइलशी जोडायचा डोंगल, काही शे रुपयांचा. ‘ईएलएम ३२७’ नावाने विकले जाणारे बहुतेक डोंगल मूळ चिपच्या नकला असतात. काही ठीक चालतात, काही गाडीला विचारलेले निम्मे प्रश्न गिळून टाकतात. साध्या ब्लूटूथचा डोंगल आयफोनला जोडता येत नाही. त्याला वायफायचा किंवा कमी ऊर्जेच्या ब्लूटूथचा लागतो.

आपल्या भागासाठी त्याहून मोठी अडचण नेटवर्कची. पुष्कळ ॲप उघडताना लॉगिन मागतात किंवा कोडचा अर्थ इंटरनेटवरून आणतात. चंद्रपूर शहरात हे जाणवत नाही. एटापल्लीच्या पुढे, जिथे मोबाइलची रेंज जाते, तिथे ते ॲप कोरी पाटी दाखवते. विकत घेण्याआधी मोबाइल विमान मोडवर टाकावा, मग डोंगलपुरते ब्लूटूथ किंवा वायफाय चालू करून कोड निघतो का ते पाहावे. एवढी एक चाचणी केली तरी पुढचा बराच मनस्ताप वाचतो.

दुसरा प्रकार हातात धरायचा, स्वतःचा पडदा असलेला स्कॅनर. किंमत काही हजारांत. मोबाइल नको, रेंज नको, चार्जिंग नको. गाडीच्याच करंटवर चालतो. घरच्या एकदोन गाड्यांसाठी माझे मत याच्याच बाजूने आहे. घेताना इंजिनाखेरीज ब्रेकची एबीएस आणि एअरबॅगही तो वाचतो का हे विचारावे. साधे स्कॅनर फक्त इंजिन वाचतात.

तिसरा, गॅरेजचा टॅबलेट स्कॅनर. तो गाडीला हुकूमही देतो: पंखा चालू कर, इंजेक्टर बंद कर. किंमत लाखाच्या आसपास जाऊ शकते. रोज गाड्या येणाऱ्या मिस्त्रीलाच तो परवडतो.

पुण्या-मुंबईहून जुनी पोलो जीटी, ऑक्टाव्हिया आरएस किंवा एखादी बीएमडब्ल्यू आणणाऱ्यांनी इथे थांबून विचार करावा. अशा वेगवान गाड्यांत टर्बो, अनेकदा दोन क्लचचा गिअरबॉक्स आणि अनेक छोटे संगणक असतात. सर्वसाधारण स्कॅनर त्यांतले इंजिन वाचतो, गिअरबॉक्सबद्दल मुकाच राहतो. त्यांना त्या कंपनीच्या गाड्यांसाठीच बनवलेले यंत्र किंवा ॲप लागते: फोक्सवॅगन-स्कोडासाठी व्हीसीडीएस किंवा ओबीडीइलेव्हन, बीएमडब्ल्यूसाठी बिमरलिंक. जुनी गाडी पाहायला जाताना स्कॅनर सोबत न्यावाच. त्यात ‘रेडिनेस’ हा विभाग असतो. गाडीने स्वतःच्या कोणत्या तपासण्या पूर्ण केल्या ते तिथे दिसते. बहुतेक तपासण्या अपूर्ण असतील तर बॅटरी नुकतीच काढलेली असावी किंवा विकणाऱ्याने कोड पुसलेले असावेत. अशी गाडी चारदोन दिवस चालवून पुन्हा तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

स्कॅनर आला, कोड दिसला. इथेच सर्वात जास्त चूक होते: लोक लगेच ‘इरेज’ दाबतात. दिवा विझतो आणि सोबत ‘फ्रीझ फ्रेम’ही जाते. बिघाड झाला त्या क्षणीचा वेग, इंजिनाचे फेरे, पाण्याचे तापमान हे सगळे त्या नोंदीत असते. आधी कागदावर उतरवावे किंवा पडद्याचा फोटो काढावा, मग पुसावे.

दुसरी चूक, कोड म्हणजे खराब पार्टचे नाव समजणे. कोड फक्त लक्षण सांगतो. पी०१७१ म्हणजे इंजिनात हवेच्या मानाने इंधन कमी पडते आहे. हे वाचून ऑक्सिजन सेन्सर बदलणारे पुष्कळ आहेत. कारण मात्र अनेकदा फाटलेला हवेचा पाइप असतो, नाहीतर येणारी हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसलेली धूळ. घुग्घुस-बल्लारपूरकडच्या कोळशाच्या रस्त्यांवर रोज फिरणाऱ्या गाडीत मी आधी एअर फिल्टर आणि तो सेन्सर पाहीन. टर्बो गाडीत पी०२९९ आला, म्हणजे टर्बोचा दाब कमी पडला, तर टर्बोचे नाव घेण्याआधी पाइपांच्या क्लॅम्पा आवळून पाहाव्यात. खड्ड्यांत त्या सैल होतात. धानाच्या कोठीजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदराने कुरतडलेली वायर शोधावी.

एक तपासणी घरीही जमते. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये ठिणगी किंवा इंधन चुकते आहे. पेट्रोल गाडीत प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असेल, तर इंजिन थंड असताना पहिली आणि दुसरी कॉइल अदलाबदल करावी, कोड पुसावा, गाडी फिरवून यावी. आता पी०३०२ आला तर कॉइलच खराब. पुन्हा पी०३०१ च आला तर कॉइल बरी आहे, प्लग आणि इंजेक्टर पाहावेत. पिवळा दिवा लुकलुकत असेल तर मात्र गाडी चालवूच नये. न जळलेले पेट्रोल धुराड्यातल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळते आणि तो जाळून टाकते.

काम झाले की डोंगल काढून ठेवावा. गाडी बरेच दिवस उभी राहिली तर तो बॅटरी उतरवतो. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात, पारा ४५ च्या वर असताना, तो डॅशबोर्डवर तर ठेवूच नये.

शेवटचा मुद्दा बीएस-६ डिझेलवाल्यांसाठी. या गाड्यांत धुरातली काजळी अडवणारी जाळी असते, तिला डीपीएफ म्हणतात. गावातल्या गावात छोट्या फेऱ्या मारल्या की ती तुंबते. मोठा स्कॅनर उभ्या गाडीत ती काजळी जाळू शकतो. तेव्हा जाळीतले तापमान ६०० अंशांच्या आसपास जाते. मार्च ते मे सागाचा पाचोळा जंगलभर पसरलेला असतो आणि वणव्याला ठिणगीही पुरते. आपल्या गाडीवर हे काम करायचे असेल तर ते डांबरी किंवा मोकळ्या मुरमाच्या जागेवरच करावे. पाचोळ्यावर, तणसाजवळ किंवा झाडाखाली गाडी उभी करून कोणी करत असेल, तर त्याला तिथेच थांबवावे.