बारामतीचा पाषाण, समुद्रातली नोंद

बारामती-इंदापूर भागात विहीर पाडायला घेतली की आधी काळी माती लागते, मग मुरूम, मग मांजऱ्या आणि त्याखाली सुरुंगाशिवाय न हलणारा काळा पाषाण. साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी थरावर थर साचत गेलेला हा दख्खनचा लाव्हा. आजही त्याने सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापला आहे. या उद्रेकांबरोबर कार्बन डायऑक्साइडही अफाट प्रमाणात हवेत गेला. त्याने पृथ्वी किती तापली, हे मात्र पाषाण सांगू शकत नाही. ते सांगतात समुद्रातले प्लवक.

फोरॅमिनिफेरा हे एकपेशीय जीव. त्यांच्यातल्या तरंगत्या जाती चुन्याचं कवच बांधतात आणि मेल्यावर ते तळाच्या गाळात जाऊन बसतं. बहुतेक कवचं अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान. अभ्यासक सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या कुंचल्याच्या टोकाने ती एकेक करून उचलतात. कवचात हलका ऑक्सिजन-16 असतो आणि जड ऑक्सिजन-18 सुद्धा. पाणी जितकं उबदार, तितका कवचातला जड ऑक्सिजन कमी. हॅरोल्ड युरी यांनी 1947 मध्ये मांडलेल्या या तत्त्वावर प्राचीन समुद्राचं तापमान काढता येतं.

दक्षिण अटलांटिकच्या तळातून काढलेल्या गाळात ही नोंद स्पष्ट सापडली. डायनोसॉर संपवणारी उल्का आदळण्याच्या काही लाख वर्षं आधी समुद्र 2 ते 4 अंशांनी तापला होता. त्याच काळात अनेक जातींची कवचं खुजी झाली आणि ग्वेम्बेलिट्रियासारख्या चिवट, चिमुकल्या जातींची संख्या वाढली. मला आकड्यांपेक्षा हे खुजेपण जास्त बोलकं वाटतं. जीव नामशेष होण्याच्या कितीतरी आधी त्यांच्यावरचा ताण त्यात दिसतो. या तापण्यामागे दख्खनचे वायू असावेत, असं बहुतेक संशोधक मानतात. पुढच्या महासंहारात दख्खनचा वाटा किती आणि उल्केचा किती, हा वाद अजून मिटलेला नाही.

लाव्हा आणि प्लवक एकत्र भेटतात ते आंध्रात, राजमहेंद्रीजवळ. दख्खनचा लाव्हा तिथवर वाहत गेला होता. त्याच्या दोन थरांमधल्या सागरी गाळात उल्कापातानंतर लगेचच्या काळातले प्लवक गेर्टा केलर, सुनील बाजपेयी आणि सहकाऱ्यांना सापडले. त्यांनी ते 2008 मध्ये प्रसिद्ध केलं. त्यामुळे लाव्ह्याच्या थरांचा काळ ठरवायला मोठाच आधार मिळाला.

त्या वेळची तापमानवाढ व्हायला हजारो वर्षं लागली. आपण कोळसा आणि तेल जाळून जेमतेम दीडशे वर्षांत पृथ्वी एक अंशाहून अधिक तापवली आहे.