ताकद की दम? लेकीसाठी लॅपटॉप घेताना

बारावीचा निकाल लागतो, सीईटीचे गुण कळतात, प्रवेशाच्या फेऱ्या सुरू होतात आणि घरोघरी एक नवाच विषय निघतो. ‘कॉलेजसाठी लॅपटॉप घ्यायचाय.’ मग काय विचारता! मामा म्हणतो, ‘ग्राफिक्स कार्डवालाच घ्या, पुढे लागतंच.’ शेजारचा इंजिनीअर मुलगा म्हणतो, ‘काकू, बॅटरी बघा, बाकी सगळं सारखंच असतं.’ दुकानदार दोघांपेक्षा हुशार. तो सगळ्यात महागाचा पुढे सरकवतो. या सगळ्या गोंधळात जिला तो चार-पाच वर्षं वापरायचाय, ती मुलगी मात्र कोपऱ्यात गप्प उभी असते.

मैत्रिणींनो, आपण साडी घेताना पोत बघतो, पदर उलगडून बघतो, रंग जाईल का ते विचारतो. कुकर घेताना किती लिटरचा, शिट्टी कशी, सुटे भाग मिळतील का, हे विचारल्याशिवाय पैसे काढत नाही. मग पन्नास-साठ हजारांची वस्तू घेताना ‘आपल्याला त्यातलं काय कळतंय’ म्हणून मागे का राहायचं? यातलं गणित फार अवघड नाही. चूल सांभाळणाऱ्या बाईला तर ते चटकन कळेल.

सिलिंडर आणि शेगडी

लॅपटॉपची बॅटरी म्हणजे आपला गॅस सिलिंडर. त्यात किती वीज मावते ते ‘वॅट-तास’ या मापात सांगतात. साधारण लॅपटॉपमध्ये ४० ते ६० वॅट-तासांची बॅटरी असते, मोठ्या यंत्रांत ८०-९० पर्यंतही असते. आणि आतला प्रोसेसर, पडदा, ग्राफिक्स कार्ड या झाल्या शेगड्या. मंद आचेवर वरण ठेवलं तर सिलिंडर पुरतो. लग्नघरातली मोठी भट्टी पेटवली तर तोच सिलिंडर बघता बघता संपतो.

समजा बॅटरी ५५ वॅट-तासांची आहे. टिपणं काढणं, वाचणं, टाइप करणं अशा कामाला हलका लॅपटॉप साधारण ८ वॅट खातो. म्हणजे जवळजवळ सात तास निघाले. ग्राफिक्स कार्डवालं जड यंत्र साध्या कामालाच २० वॅट खात असेल, तर तीच बॅटरी पावणेतीन तासांत आटोपली. आणि त्यावर घराचं त्रिमितीय चित्र तयार करायला घेतलं, ६० वॅट ओढले, तर तासही पुरत नाही. शिवाय अशी बरीचशी यंत्रं चार्जर काढला की ग्राफिक्स कार्डाची ताकद आपणच कमी करतात. म्हणजे ज्या ताकदीसाठी जादा पैसे मोजले, ती भिंतीतल्या प्लगजवळच पूर्ण मिळते!

खोक्यावर ‘बारा तासांपर्यंत’ असं लिहिलेलं असतं. त्यातलं ‘पर्यंत’ महत्त्वाचं, बरं का. ती चाचणी बहुतेकदा पडद्याचा उजेड कमी ठेवून व्हिडिओ चालवून केलेली असते. त्यामुळे घेताना एक तृतीयांश तास वजा करूनच हिशोब धरावा.

घोटावड्याहून कॉलेजला

आता हे गणित जरा आपल्या मातीत उतरवू. मुळशी तालुक्यातलं घोटावडे घ्या. एका अंगाला माण आणि हिंजवडी, दुसऱ्या अंगाला घोटावडे फाटा, पिरंगुट आणि पौड रस्ता. हिंजवडीचं आयटी पार्क याच तालुक्यातलं. तिथल्या काचेच्या इमारती गावापासून काही फार लांब नाहीत. पण इथल्या मुलीला इंजिनीअरिंगला किंवा आर्किटेक्चरला जायचं, तर रोजचा प्रवास चुकत नाही. कर्वेनगरला महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेचं १९९१ साली सुरू झालेलं मुलींचं कमिन्स इंजिनीअरिंग कॉलेज आहे, याच संस्थेचं मुलींचं आर्किटेक्चर कॉलेजही आहे. तिथे जायचं म्हणजे फाट्यापर्यंत यायचं, मग भूगाव, चांदणी चौक, कोथरूड. चांदणी चौकातला नवा पूल ऑगस्ट २०२३ मध्ये खुला झाला, तरी गर्दीच्या वेळी पौड रस्ता तो पौड रस्ताच! जाऊन-येऊन दोन-अडीच तास सहज जातात.

अशा मुलीच्या पाठीवरचं वजन आधी बघा. हलका लॅपटॉप सव्वा ते दीड किलोचा, त्याचा चार्जर मोबाइलच्या चार्जरपेक्षा थोडा मोठा. ग्राफिक्सवाला सव्वादोन-अडीच किलोचा, आणि त्याचा विटेएवढा चार्जर अर्धा किलोच्या वर. म्हणजे तीन किलो. त्यात डबा, पाण्याची बाटली, वह्या, पावसाळ्यात छत्री. हे सगळं घेऊन भरलेल्या बसमध्ये उभं राहायचं. वर्गात साठ-सत्तर मुलं आणि भिंतीला प्लग चार. ज्याची बॅटरी टिकत नाही त्याला रोज सकाळी आधी प्लगजवळची जागा धरायला धावावं लागतं.

घरी आल्यावर तरी काय? मुळशीचं आणि विजेचं नातं तसं जुनं आणि दुखरं. टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांनी इथल्या शेतकऱ्यांना घेऊन सत्याग्रह केला. धरण झालंच. गावं पाण्याखाली गेली आणि त्या पाण्यावरची वीज मुंबईकडे गेली. आज गावात वीज आहे, पण जुलैच्या पावसात झाड तारेवर पडलं की रात्र अंधारातच काढावी लागते. उद्या सकाळी प्रोजेक्ट द्यायचं असेल तेव्हा बॅटरीचा दम म्हणजे काय ते कळतं.

मग ताकद नकोच का?

असं मुळीच नाही. आणि इथेच खरी गोम आहे.

आर्किटेक्चर, इंटिरिअर, अ‍ॅनिमेशन, व्हिडिओ एडिटिंग असं शिकणाऱ्या मुलीला कमकुवत यंत्र दिलं, तर तिचं काम घरी होतच नाही. लुमियनसारख्या सॉफ्टवेअरला दणकट ग्राफिक्स कार्ड लागतंच. मग ती कॉलेजच्या लॅबमध्ये थांबते, नाहीतर मैत्रिणीच्या रूमवर. सात वाजतात, आठ वाजतात. घरून फोन सुरू होतात, ‘कुठे आहेस? शेवटची बस गेली तर?’ दोन-चार वेळा असं झालं की घरात निकाल लागतो, ‘काही थांबायचं नाही लॅबमध्ये.’ मुलाला कुणी असं म्हणत नाही. त्याच वर्गातला मुलगा रात्री दहापर्यंत थांबून काम पूर्ण करतो आणि मुलीचं काम अर्धवट राहतं. बुद्धी कमी नसते, यंत्र कमी पडतं. म्हणून अशा अभ्यासक्रमात घरातला चांगला लॅपटॉप ही चैन धरू नका.

तेव्हा ‘ताकद की दम’ याचं उत्तर दुकानात मिळत नाही, ते अभ्यासक्रमात असतं. ढोबळमानाने असं धरा.

बी.ए., बी.कॉम., कायदा, नर्सिंग, डी.एल.एड. : ग्राफिक्स कार्डवर एक रुपयाही घालवू नका. टॅली, एक्सेल, टायपिंग, ऑनलाइन तास, सगळं साध्या यंत्रावर होतं. हलका आणि टिकाऊ बॅटरीचा घ्या. फक्त क्रोमबुक स्वस्त मिळतंय म्हणून उचलू नका, टॅली ही विंडोजची गोष्ट आहे.

कॉम्प्युटर इंजिनीअरिंग, बी.सी.ए., बी.एस्सी. कॉम्प्युटर : इथेच सगळ्यात जास्त फसगत होते. प्रोग्रॅमिंगला ग्राफिक्स कार्ड लागत नाही, रॅम लागते. १६ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडी बघा. पुढे मशीन लर्निंग शिकायची वेळ आली, तर गूगल कोलॅबसारख्या सोयीत दूरच्या संगणकाचं ग्राफिक्स कार्ड काही मर्यादेत फुकट वापरता येतं.

मेकॅनिकल, सिव्हिल : ऑटोकॅडची साधी रेखाटनं मधल्या दर्जाच्या यंत्रावर होतात. सॉलिडवर्क्स, अ‍ॅन्सिसचं जड काम पुढच्या वर्षांत येतं. तेव्हा कॉलेजची लॅब किती वेळ उघडी असते, ते आधी विचारा.

आर्किटेक्चर, इंटिरिअर, अ‍ॅनिमेशन : ग्राफिक्स कार्ड हवंच. पण घाई नको. आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षी बऱ्याच ठिकाणी हातानेच ड्रॉइंग असतं. वरच्या वर्गातल्या मुलींना विचारून दुसऱ्या वर्षी घेतलात तर काय लागतं ते नेमकं कळलेलं असतं. अ‍ॅपलचा मॅकबुक एअर सव्वा किलोचा आणि बॅटरीला उत्तम, पण रेव्हिट आणि सॉलिडवर्क्स मॅकवर थेट चालत नाहीत. कौतुकाने आणायचा आणि मग अडायचं, असं नको. आणि अ‍ॅनिमेशनसाठी मुलगी घरूनच जाऊन-येऊन करणार असेल, तर डेस्कटॉपचाही विचार करा. तेवढ्याच पैशांत ताकद जास्त मिळते. वीज गेली तर यूपीएस मात्र हवा.

नाव एक, गुण वेगळे

ग्राफिक्स कार्ड घ्यायचं ठरलंच तर एक गोष्ट पदराला गाठ मारून ठेवा. नुसतं नाव बघू नका. एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०५० हे लॅपटॉपमधलं कार्ड ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत वेगवेगळ्या ताकदीत बसवतात. खोक्यावर नाव तेच! ‘याचे वॅट किती आणि ग्राफिक्सची मेमरी किती?’ एवढं विचारलं की दुकानदाराचा बोलण्याचा सूर बदलतो. जास्त वॅट म्हणजे ताकद जास्त. पण त्याबरोबर उष्णता, पंख्याचा आवाज आणि चार्जरचं वजनही जास्त.

इंटेलचा प्रोसेसर असेल तर नावातलं शेवटचं अक्षर बघा. ‘यू’ असेल तर वीज कमी खाणारा, ‘एच’ किंवा ‘एचएक्स’ असेल तर ताकदवान आणि खादाड.

असं यंत्र घेतल्यावरही बॅटरी वाचवता येते. बहुतेक लॅपटॉपमध्ये साधं काम चालू असताना मोठं कार्ड झोपवून छोटं अंगभूत ग्राफिक्स वापरण्याची सोय असते. कॉलेजात ‘सायलेंट’ किंवा ‘इको’ आणि घरी चार्जर लावून ‘परफॉर्मन्स’. पडद्याचा वेग १४४ वरून ६० वर आणला, उजेड जरा कमी केला, तरी फरक पडतो. चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असेल तर घरी सतत चार्जरवर काम करताना ती चालू ठेवावी, बॅटरी जास्त वर्षं टिकते. आणि बॅटरी फुगलेली दिसली, कीबोर्ड वर उचलल्यासारखा वाटला, तर वापर तिथेच थांबवा.

पैशांचं काय?

साधा, चांगला लॅपटॉप चाळीस-पन्नास हजारांच्या घरात जातो, ग्राफिक्स कार्डवाला साठ-सत्तर हजारांच्या पुढे. २०२५ च्या अखेरीपासून मेमरी चिपांचे भाव चढले, त्यामुळे दर सारखे हलतात. या किमतीत १८ टक्के जीएसटी असतो.

राज्य सरकारने २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलंय. त्यात लॅपटॉप येत नाही, पण फीचे वाचलेले पैसे इकडे वळवता येतात. शैक्षणिक कर्ज घेत असाल, तर अभ्यासक्रमासाठी लागणाऱ्या संगणकाचा खर्च त्यात धरता येतो. अर्ज भरतानाच बँकेत विचारा, कोटेशन जोडा. दुकानातल्या ‘शून्य व्याजा’च्या हप्त्यापेक्षा कधीकधी ते परवडतं, कारण तिथे रोखीची सूट आणि प्रोसेसिंग फी यांत व्याज लपलेलं असू शकतं.

जुना घेणार असाल तर एक तारीख लक्षात ठेवा. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणून विंडोज ११ चालणाराच घ्या. इंटेलचा असेल तर आठव्या पिढीच्या आधीचा नको. दुकानदाराला विंडोजमधला बॅटरी रिपोर्ट काढून दाखवायला सांगा. मूळ क्षमता आणि आता उरलेली क्षमता दोन्ही त्यात दिसतात.

दुकानात जाताना

– रॅम पुढे वाढवता येते की कायमची जोडलेली आहे?
– बॅटरी किती वॅट-तासांची? तिची वॉरंटी किती? (लॅपटॉपची तीन वर्षं असली तरी बॅटरीची बऱ्याचदा एकच वर्ष असते.)
– टाइप-सी चार्जरवर चालतो का? चालत असेल तर ६५ वॅटच्या पॉवर बँकेवरही काम निघतं.
– घरी येऊन दुरुस्तीची वॉरंटी आपल्या गावाच्या पिनकोडला लागू आहे का, की पुण्याला खेपा घालायच्या?
– चार्जरसकट पिशवीत घालून मुलीला पाठीला लावून बघू द्या. वजन तिला उचलायचंय!

आणि शेवटचं. कित्येक घरांत अजून मुलाला नवा आणि मुलीला त्याचा जुना, अशी वाटणी होते. ‘हिला काय, लग्न होऊन जाईल’ हे तोंडाने कुणी म्हणत नाही, पण खरेदीत ते दिसतं. दादाचा चार वर्षांचा जुना लॅपटॉप, ज्याची बॅटरी अर्ध्या तासात मान टाकते, तो घेऊन ती कॉलेजला जाते आणि मागे पडली की ‘झेपत नाही हिला’ असं आपणच म्हणतो. आधी तिच्या अभ्यासक्रमाचा कागद समोर ठेवा, बजेट ठरवा, आणि मग निवड तिच्यावर सोपवा. दुकानात तिला पुढे उभं करा, प्रश्न तिला विचारू द्या. चार-पाच वर्षं ते यंत्र तिलाच चालवायचंय. पहिला निर्णयही तिचाच असू दे.