अंगठा आणि आकडा

मुलांनो, आंबा घेताना तुम्ही काय करता? अंगठ्याने हळूच दाबून पाहता. कच्चा आंबा दबत नाही, पिकलेला थोडा दबतो. डॉक्टरही रोग्याचे पोट बोटांनी दाबून पाहतात. आजारी यकृत कधी कधी घट्ट लागते. कर्करोगाची गाठ पुष्कळदा आजूबाजूच्या भागापेक्षा कठीण असते. पण बोट फक्त 'मऊ' किंवा 'कठीण' एवढेच सांगते, आणि दोन डॉक्टरांची बोटे एकच उत्तर देतील असेही नाही. म्हणून आकडा हवा.

त्यासाठी अंगठ्याच्या जागी यंत्र येते. त्याच्या टोकाला लहानशी गुळगुळीत गोळी असते. ती ऊतीवर टेकवून हळूहळू दाबतात. किती जोर लावला आणि गोळी किती खोल गेली, या दोन्हींची नोंद एकाच वेळी होते. यात एक गंमत आहे. गोळी दुप्पट खोल न्यायची, तर दुप्पट जोर पुरत नाही, सुमारे २.८ पट लागतो! कारण गोळी आत जाते तसा तिचा अधिक भाग ऊतीला टेकतो. हे गणित हाइनरिख हर्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञांनी १८८१ साली मांडले. त्यांच्यासमोर मात्र काचेची भिंगे होती. रेडिओच्या 'किलोहर्ट्झ'मधले हर्ट्झ ते हेच.

या गणितातून ताठरपणा पास्कल या एककात मिळतो. पोलादाचा आकडा सुमारे २०,००० कोटी पास्कल आहे. गुडघ्यातील कास्थीचा साधारण ५ ते १० लाख, तर मेंदूचा काही हजारच.

पोलाद केव्हाही दाबा, उत्तर तेच येते. ऊतीचे तसे नाही. कास्थीत बरेचसे पाणी असते. भराभर दाबली तर ती ताठर वाटते. दाबून धरली तर पाणी हळूहळू सरकते आणि जोर कमी कमी लागतो. शिवाय ती जेमतेम काही मिलिमीटर जाड असते. गोळी फार खोल गेली, तर खालच्या हाडाचाच ताठरपणा मोजला जातो! म्हणून जाडीच्या दहाव्या भागापेक्षा जास्त दाबायचे नाही, असा साधारण नियम पाळतात.

एवढी खटपट कशासाठी? संधिवातात कास्थी झिजते, हे तुम्ही आजी-आजोबांच्या गुडघ्यांवरून जाणता. पण झिजण्याच्या आधीच ती मऊ पडू लागते. तेव्हा ती डोळ्यांना गुळगुळीत आणि निरोगीच दिसते. गोळीला मात्र फरक कळतो.