हिब्रू बायबलमधील शस्त्रागारे

हिब्रू बायबलमध्ये (तनख, ख्रिस्ती परंपरेतील जुना करार) शस्त्रे साठवण्याच्या जागांचे उल्लेख थोडे आणि विखुरलेले आहेत. त्यांपैकी बहुतेक यरुशलेम नगराशी संबंधित असून ते शमुवेल, राजे, इतिहास, यशया आणि नहेम्या या ग्रंथांत आढळतात. केवळ शस्त्रांसाठी बांधलेली स्वतंत्र इमारत असे चित्र त्यांतून क्वचितच उभे राहते. शस्त्रे देवस्थानात, राजवाड्यातील दालनात किंवा राजाच्या खजिन्यात ठेवलेली दिसतात. त्यामुळे शस्त्रागाराचा विचार करताना त्या साठ्याचा ताबा कोणाकडे होता, पुरोहिताकडे की राजाकडे, हा प्रश्न वारंवार समोर येतो.

शब्द

शस्त्रागारासाठी प्राचीन हिब्रूत एकच ठरलेली संज्ञा नाही. ‘नेशेक’ या शब्दाचा अर्थ शस्त्रे किंवा शस्त्रसंभार असा आहे. नहेम्याच्या ग्रंथात (३:१९) तोच शब्द एका जागेची ओळख म्हणून आला आहे. ‘ओत्सार’ म्हणजे कोठार किंवा खजिना. हिज्कीया राजाच्या संदर्भात येणाऱ्या ‘बेत केलीम’ या प्रयोगाचा शब्दशः अर्थ ‘केलीमांचे घर’ असा होतो. ‘केली’ (अनेकवचन ‘केलीम’) म्हणजे भांडे, उपकरण आणि शस्त्रही. मराठीत ‘हत्यार’ हा शब्द सुताराच्या अवजारालाही लागतो आणि तलवारीलाही, तसाच हा प्रकार आहे. त्यामुळे त्या दालनात शस्त्रे होती की मौल्यवान पात्रे, हे संदर्भावरूनच ठरवावे लागते. बहुतेक भाषांतरकार शस्त्रागार असाच अर्थ घेतात.

आधुनिक हिब्रूत शस्त्रागाराला ‘नेशेक’वरूनच बनलेला ‘नश्किया’ हा शब्द रूढ आहे.

लोहार नसलेला देश

राजसत्तेच्या आरंभकाळाचे वर्णन साठ्याचे नव्हे, तर अभावाचे आहे. १ शमुवेल १३:१९–२२ नुसार इस्राएलात लोहार नव्हता, कारण इब्री लोकांनी तलवारी आणि भाले बनवू नयेत अशी पलिष्ट्यांची दक्षता होती. नांगराचे फाळ आणि कुऱ्हाडी पाजवण्यासाठीही लोकांना पलिष्ट्यांकडे जावे लागे. लढाईच्या दिवशी तलवार आणि भाला केवळ शौल राजा व त्याचा पुत्र योनाथान यांच्याजवळ होता. या उताऱ्यातील ‘पीम’ हा शब्द शतकानुशतके दुर्बोध होता आणि जुन्या भाषांतरांत त्याचा अर्थ ‘कानस’ असाही केलेला आढळतो. पुढे उत्खननांत ‘पीम’ अशी अक्षरे कोरलेली, शेकेलच्या सुमारे दोन-तृतीयांश भाराची दगडी वजने सापडली आणि हा शब्द पाजवणीच्या मजुरीचा असल्याचे स्पष्ट झाले.

देवस्थानातील शस्त्रे

जिंकलेली शस्त्रे देवस्थानात ठेवण्याची प्रथा दोन्ही पक्षांत होती. शौलाच्या मृत्यूनंतर पलिष्ट्यांनी त्याची शस्त्रे अष्टारोथ देवीच्या मंदिरात ठेवली (१ शमुवेल ३१:१०). गल्याथाची तलवार नोब येथील पवित्रस्थानात एफोदामागे वस्त्रात गुंडाळून ठेवलेली होती. शौलापासून पळणाऱ्या दाविदाने आपण राजाच्या तातडीच्या कामावर असल्याचे खोटे सांगून अहीमलेख याजकाकडे शस्त्र मागितले, तेव्हा तेथे तेवढी एकच तलवार होती आणि याजकाने ती दिली. याची किंमत पुरोहितांना मोजावी लागली. फितुरीच्या आरोपावरून शौलाने ८५ याजकांची हत्या करवली, आणि आरोपांत तलवार दिल्याचाही उल्लेख होता (१ शमुवेल २२). देवापुढे अर्पण केलेली वस्तू पुन्हा शस्त्र म्हणून हाती घेता येते, हे या कथेत गृहीतच धरले आहे.

यरुशलेमच्या मंदिरातही असाच एक प्रसंग घडला. राणी अथल्येविरुद्धच्या उठावात यहोयादा याजकाने मंदिरात ठेवलेले दावीद राजाचे भाले व ‘शेलेट’ शतपतींच्या स्वाधीन केले आणि त्यांच्या पहाऱ्यात सात वर्षांच्या योवाशाला राज्याभिषेक झाला (२ राजे ११). ‘शेलेट’चा अर्थ सहसा ढाल असा करतात, पण काही अभ्यासक भाता किंवा धनुष्याचे आवरण असा अर्थ सुचवतात. हदादेजराच्या सेवकांकडून दाविदाने आणलेल्या सुवर्णवस्तूंसाठीही हाच शब्द आहे (२ शमुवेल ८:७). मात्र ग्रीक सप्ततीच्या पाठात त्या वस्तू पुढे मिसरच्या शिशकाने नेल्याचे वाक्य अधिक आहे. ते मान्य केल्यास यहोयादाने वाटले ते नेमके काय, हा प्रश्न उरतो.

लबानोनवनगृह

सर्वांत तपशीलवार वर्णन शलमोनाच्या ‘लबानोनवनगृहा’चे आहे. १ राजे ७:२–५ नुसार ते १०० हात लांब, ५० हात रुंद आणि ३० हात उंच होते. हात सुमारे ४५ सेंमी. धरल्यास लांबी ४५ मीटर होते. गंधसरूच्या खांबांच्या रांगांमुळे ते अरण्यासारखे भासत असावे आणि त्यावरूनच हे नाव पडले असावे. हिब्रू पाठात खांबांच्या चार रांगा आहेत, तर ग्रीक पाठात तीन. पुढच्याच ओळीत प्रत्येक रांगेत १५ असा एकूण ४५चा हिशेब येतो. तो तीन रांगांशीच जुळतो.

या गृहात शलमोनाने सोन्याच्या २०० मोठ्या आणि ३०० लहान ढाली ठेवल्या (१ राजे १०:१६–१७). प्रत्येक मोठ्या ढालीला ६०० शेकेल सोने लागले. मूळ पाठात केवळ ‘६००’ असून शेकेल हे एकक अध्याहृत आहे. शेकेलचे वजन सुमारे ११.३ ग्रॅम धरल्यास एका ढालीचे सोने पावणेसात किलोंहून अधिक भरते. लहान ढालींसाठी राजांच्या ग्रंथात प्रत्येकी तीन माने, तर २ इतिहासात (९:१६) ३०० शेकेल असा आकडा आहे. सोन्यासारख्या मऊ धातूची ढाल लढाईत फारशी उपयोगी नव्हे. या ढाली वैभवप्रदर्शनाच्या आणि प्रसंगी मोडून वापरता येणाऱ्या संपत्तीच्या स्वरूपाच्या होत्या.

त्या एका पिढीहून अधिक टिकल्या नाहीत. शलमोनाचा पुत्र रहबाम याच्या पाचव्या वर्षी शिशकाने मंदिराचे व राजवाड्याचे भांडार लुटले, त्यात या ढालीही गेल्या. रहबामाने त्यांच्या जागी पितळी ढाली करवल्या. राजा मंदिरात जाई तेव्हा रक्षक त्या उचलून नेत आणि परतल्यावर आपल्या पहाऱ्याच्या खोलीत ठेवत (१ राजे १४:२५–२८). शिशक म्हणजे फारो पहिला शोशेंक, असे बहुतेक इतिहासकार मानतात. कर्नाक येथील त्याच्या विजयलेखाच्या उपलब्ध भागात पॅलेस्टाईनमधील अनेक स्थळांची नावे आहेत, पण यरुशलेमचे नाव नाही.

लबानोनवनगृहाचे अवशेष निश्चितपणे ओळखले गेलेले नाहीत. तरी ते केवळ शोभेचे नव्हते, असे यशया २२:८ वरून दिसते. वेढ्याच्या संकटात यरुशलेमवासीयांनी या ‘वनगृहा’तील शस्त्रांकडे धाव घेतली, कोट भक्कम करण्यासाठी घरे पाडली आणि पाणी साठवले. इतकी तयारी करूनही त्यांनी देवाकडे पाहिले नाही, अशी संदेष्ट्याची तक्रार आहे. अनेक भाष्यकार या उताऱ्याचा संबंध इ.स.पू. ७०१ मधील अश्शूरी राजा सन्हेरीबाच्या स्वारीशी जोडतात.

हिज्कीयाचे शस्त्रागार

हिज्कीया आजारातून उठल्यावर बाबेलच्या मरोदख-बलदानाचे दूत त्याच्या भेटीस आले. राजाने त्यांना चांदी, सोने, सुगंधी द्रव्ये, उत्तम तेल आणि ‘केलीमांचे घर’ असे सर्व दाखवले (२ राजे २०:१३; यशया ३९:२). बाबेलने अश्शूरविरुद्ध मित्र शोधण्याच्या या काळात शस्त्रसाठा दाखवणे हा शिष्टाचारापेक्षा राजकीय संकेत असावा. हे सर्व एके दिवशी बाबेलला नेले जाईल, असे यशयाने राजाला बजावले.

इतर उल्लेख

रहबामाने तटबंदीच्या नगरांत ढाली व भाले ठेवले, तर उज्जीयाने सैन्याला ढाली, भाले, शिरस्त्राणे, चिलखते, धनुष्ये आणि गोफणीचे दगड पुरवले, असे २ इतिहास ११:१२ व २६:१४ मध्ये आहे. गीतरत्नात (४:४) प्रेयसीच्या मानेला हजार ढाली टांगलेल्या दाविदाच्या बुरुजाची उपमा आहे. तेथील ‘तल्पियोत’ हा शब्द सप्ततीच्या भाषांतरकारांनाही उलगडला नाही. त्यांनी तो ग्रीक अक्षरांत तसाच उतरवला. आज यरुशलेमच्या एका वस्तीला हे नाव आहे. यिर्मया ५०:२५ मध्ये प्रत्यक्ष देवच आपला ‘ओत्सार’ उघडून क्रोधाची शस्त्रे बाहेर काढतो, आणि ती बाबेलवर रोखलेली असतात.

निर्वासनानंतर नहेम्याने कोट पुन्हा बांधला, तेव्हा मिस्पाचा अधिकारी एजेर याने दुरुस्त केलेला भाग कोटाच्या कोनाजवळच्या शस्त्रागाराच्या चढणीसमोर होता. हे वाक्य हिब्रूत अवघड आहे. तेथे शस्त्रागार तेव्हाही चालू होते की केवळ जुने नाव उरले होते, हे त्यावरून ठरत नाही. पुढच्याच अध्यायात कामकऱ्यांपैकी अर्धे लोक भाले, ढाली व धनुष्ये घेऊन उभे राहतात आणि ओझे वाहणारेही एका हातात शस्त्र धरून काम करतात. ही शस्त्रे कोठून आली, ते ग्रंथ सांगत नाही.