डबाबंद मांस टिकतं कशामुळे?

डबाबंद मांस वर्षानुवर्षं फ्रिजबाहेर राहतं, म्हणजे त्यात रसायनं ठासून भरलेली असणार, असा समज सर्रास आढळतो. साध्या चिकनच्या डब्यावरचं लेबल वाचलं, तर अनेकदा चिकन, पाणी आणि मीठ एवढंच सापडतं.

खरं काम उष्णतेचं. मांस भरून डबा हवाबंद करतात आणि मग तो बंद डबाच दाबाखाली साधारण 121 अंश सेल्सिअसला तापवतात. या निर्जंतुकीकरणात (जंतू आणि त्यांचे चिवट बीजाणू मारणं) मांस शिजूनही निघतं. घरचा प्रेशर कुकर जवळपास याच तापमानाला पोचतो. फक्त तो आपण उघडतो आणि जंतूंना पुन्हा वाट मिळते.

‘स्पॅम’ची गोष्ट जरा निराळी. हॉर्मेल या अमेरिकी कंपनीने 1937 साली आणलेल्या या डुकराच्या मांसात सोडियम नायट्राइट (गुलाबी रंग राखणारा, जंतूंना आवरणारा क्षार) असतं. पण तेही उष्णतेच्या जोडीला, तिच्याऐवजी नव्हे. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांच्या शिध्याबरोबर हवाईत रुळलेलं स्पॅम तिथे आज रोजचं खाणं आहे. तव्यावर खरपूस परतलेला काप, खाली दाबलेल्या भाताची वडी, भोवती नोरीची (सुकवलेल्या समुद्रशेवाळाची) पट्टी, की झाली मुसुबी. स्पॅम चांगलंच खारट असतं, त्यामुळे भात हवाच.

डबा उघडला की मात्र कोणतंही डबाबंद मांस इतर शिजवलेल्या मांसासारखंच. उरलेलं दुसऱ्या भांड्यात काढून फ्रिजमध्ये ठेवावं, तीन-चार दिवसांत संपवावं. फुगलेल्या डब्यातलं चाखूनही बघू नये.