एकाचे अब्ज

१ हा आकडा तीस वेळा दुप्पट करून पाहा. उत्तर येईल १,०७,३७,४१,८२४!

क्षयाचे जंतू सूक्ष्मदर्शकाखाली दिसायला एक मिलिलिटर बेडक्यात सुमारे १०,००० तरी असावे लागतात. प्रयोगशाळेत वाढवायचे, तर कित्येक आठवडे जातात. तोवर रोगी घरात खोकतच असतो. १९८३ साली कॅरी मलिस यांना युक्ती सुचली: जंतूऐवजी त्याच्या डीएनएचा तुकडाच वाढवावा. तापवले की दुहेरी धागा उलगडतो, थोडे निववले की विकर प्रत्येक धाग्याला नवा जोडीदार जोडते. पुन्हा तापवा, पुन्हा दुप्पट! (प्रत्यक्षात थोडे कमीच भरतात.)

गोव्यातील एका कंपनीचे 'ट्रूनॅट' हे बॅटरीवर चालणारे यंत्र हेच काम तासाभरात करते. रिफाम्पिसिन हे औषध त्या जंतूला लागू पडेल की नाही, हे कळायला आणखी एक तास.