नाताळच्या पार्टीसाठी जेली शॉट्स

अमेरिकेत डिसेंबरच्या पार्ट्यांमध्ये केक आणि कुकीजच्या शेजारी छोट्या झाकणाच्या कपांची एक थाळी हमखास असते. कपात लाल, पांढरी, हिरवी जेली असते आणि त्या जेलीत व्होडका किंवा रम असते. हा पदार्थ करायला सोपा आहे आणि आदल्या रात्रीच करून ठेवता येतो, त्यामुळे पार्टीच्या दिवशी यजमानाचे हात मोकळे राहतात. पण तो नीट करायचा तर जिलेटिनचा स्वभाव कळायला हवा. आणि आपण पाहुण्याला नेमकं काय आणि किती देतोय याचा हिशेबही पक्का हवा.

मुळात हे आलं कुठून

दारू घातलेली जेली बरीच जुनी आहे. न्यूयॉर्कचे नामांकित बारटेंडर जेरी थॉमस यांच्या १८६२ सालच्या पुस्तकात ‘पंच जेली’ची कृती आहे. या जेलीतला कडकपणा जिभेला कळत नाही, तेव्हा जपून खा, असा इशाराही त्यांनी तिथेच देऊन ठेवला आहे. पुढे १८९७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या ल रॉय गावात पर्ल वेट यांनी चवीची, रंगीत जेली पावडर तयार केली. तिचं ‘जेल-ओ’ हे नाव त्यांच्या पत्नीने, मे यांनी ठेवलं. या पावडरीमुळे जेली घरोघरी पोचली.

नाताळशी असलेला धागा मात्र टॉम लेहरर यांच्या हकिकतीत सापडतो. हे गणिताचे प्राध्यापक आणि विनोदी गाण्यांचे रचनाकार १९५० च्या दशकात सैन्यात होते. वॉशिंग्टनमधल्या नौदलाच्या तळावर नाताळची पार्टी ठरली, पण तिथे मद्यपेयांना बंदी होती. जेली हे काही पेय नव्हे, असा विचार करून त्यांनी एका मित्राबरोबर संध्याकाळभर खटपट केली आणि व्होडका जेलीत घालून पार्टीत नेली.

जिलेटिन कसं वागतं

जिलेटिन हे प्रथिन आहे. जनावरांच्या कातडीत आणि हाडांत असलेल्या कोलॅजनपासून ते काढतात. कोरडी पावडर थेट गरम पाण्यात टाकली तर वरून ओली आणि आतून कोरडी अशा गुठळ्या होतात. म्हणून ती आधी गार द्रवावर पसरून भुरभुरायची आणि पाच मिनिटं फुगू द्यायची. मग मंद आचेवर, उकळी न आणता, चमच्यावर एकही कण दिसेनासा होईपर्यंत विरघळवायची. दारू नेहमी पातेलं आचेवरून उतरवल्यावर, मिश्रण कोमट झालं की घालायची. अल्कोहोल ७८ अंश सेल्सिअसला उकळतं, त्यामुळे गरम मिश्रणातून ते उडून जातं आणि पेटत्या गॅसजवळ त्याची वाफ धोक्याची असते.

जास्त दारू घातली की जेली ढिली पडते. ४० टक्क्यांची व्होडका किंवा रम एकूण द्रवाच्या एक तृतीयांशाच्या आत ठेवावी. ताजा अननस, पपई आणि किवी टाळावेत, कारण त्यांतली विकरं जिलेटिनचं प्रथिन तोडतात आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवूनही कपात सरबतच राहतं. डब्यातला अननस चालतो, कारण डबाबंद करताना तापवल्याने त्यातलं विकर निकामी झालेलं असतं.

लाल-पांढरे थर

तयार जेली पावडरीपेक्षा साधं, बिनचवीचं जिलेटिन मला केव्हाही बरं वाटतं. पावडरीच्या गोडीत फळाची चव हरवते, आणि डिसेंबरमध्ये तर क्रॅनबेरीची आंबट-तुरट चव लागलीच पाहिजे. पुढच्या प्रमाणात ६० मिलीचे २४ कप अर्धे भरतात. वरची जागा सजावटीला राहते.

लाल थरासाठी १ कप (२४० मिली) क्रॅनबेरी रसावर १० ग्रॅम जिलेटिन भुरभुरा. फुगलं की २ मोठे चमचे साखर घालून मंद आचेवर विरघळवा, उतरवा, कोमट झाल्यावर अर्धा कप व्होडका घाला. प्रत्येक कपात १५ मिली, म्हणजे एक मोठा चमचा ओता आणि कप ट्रेमध्ये ठेवून फ्रिजमध्ये सरकवा.

पांढऱ्या थरासाठी पाव कप पाण्यात १० ग्रॅम जिलेटिन फुगवून विरघळवा. त्यात पाऊण कप नारळाचं दूध आणि पाव कप कंडेन्स्ड मिल्क ढवळा, शेवटी पाव कप पांढरी रम घाला. नारळाच्या दुधाचा डबा उघडण्याआधी चांगला हलवून घ्या.

सगळं कसब दुसरा थर ओतण्याच्या वेळेत आहे. तासाभराने लाल थराला बोटाने हलकेच टेकून पाहा. बोट आत रुतत नाही, पण किंचित चिकटतं, हीच ती वेळ. पृष्ठभाग अगदी कोरडा होऊ दिला तर थर एकमेकांना धरत नाहीत आणि खाताना सुटे होतात. पांढरं मिश्रणही हाताला गरम लागता कामा नये, नाहीतर खालचा थर वितळून सगळं गुलाबी होतं. उलट्या धरलेल्या चमच्याच्या पाठीवरून सावकाश ओतलं की रेघ सरळ येते. नंतर निदान चार तास, शक्यतो रात्रभर फ्रिजमध्ये राहू द्या. वाढण्याआधी वर पुदिन्याचं एक कोवळं पान ठेवलं की हिरवा रंगही आला. पेपरमिंटच्या लाल-पांढऱ्या कांडीचा चुरा घालायचा असेल तर अगदी शेवटी घाला, ओलसर जेलीवर तो लवकर विरघळतो.

संत्र्याच्या फोडी

कप नको असतील तर संत्री घ्या. संत्रं उभं अर्धं कापा आणि सालीला भोक न पाडता चमच्याने गर काढा. पांढरा पापुद्रा थोडा राहिला तरी बिघडत नाही, पण साल फाटली तर सगळी जेली गळते. या वाट्या मफिनच्या साच्यात बसवा म्हणजे कलंडत नाहीत. लाल मिश्रण काठोकाठ भरा आणि घट्ट झाल्यावर ओल्या, धारदार सुरीने फोडी कापा. थाळीवर खरोखर सुंदर दिसतात.

शाकाहारी पाहुण्यांसाठी

अमेरिकेतल्या मराठी घरांत हा प्रश्न हमखास येतो. घरात अंडं चालणारे पाहुणेही जिलेटिन कशापासून होतं हे कळल्यावर कप खाली ठेवतात, आणि ते आधी सांगणं हे यजमानाचं काम आहे. डुकराचं किंवा गायीचं जिलेटिन न चालणारे मुस्लिम आणि ज्यू पाहुणेही असू शकतात.

यावर उपाय म्हणजे अगर-अगर, आपल्या ओळखीचं चायना ग्रास. ते समुद्री शेवाळापासून होतं. वरच्या एका थराला ३ ग्रॅम पावडर पुरते. ती अर्धा कप पाण्यात दोन मिनिटं नीट उकळा आणि रस अर्धा कपच घ्या. रस अगरबरोबर उकळू नका, आंबटपणाने त्याची पकड कमी होते. रस वेगळा कोमट करून मिसळा. दारू फ्रिजमधली नको, खोलीच्या तापमानाची हवी, कारण अगर चाळीस अंशांच्या खाली आलं की तिथल्या तिथे घट्ट व्हायला लागतं. पहिला थर जेमतेम धरला की दुसरा गरम असतानाच ओता. ही जेली तोंडात विरघळत नाही, चायना ग्रासच्या बर्फीसारखी तुटते. मात्र टेबलावर तासभर राहिली तरी पाघळत नाही, आणि तिच्यात ताजा अननसही चालतो.

एका कपात किती दारू

वरच्या कृतीत व्होडका आणि रम मिळून १८० मिली आहे, म्हणजे शुद्ध अल्कोहोल ७२ मिली. चोवीस कपांत वाटलं की प्रत्येकी ३ मिली. पाच टक्क्यांच्या बिअरच्या ३५५ मिलीच्या कॅनमध्ये सुमारे १८ मिली असतं. म्हणजे सहा कप म्हणजे एक बिअर. दारूचं प्रमाण दुप्पट केलं तर तीनच कपांत तेवढी चढते. मी दुप्पट करूच नका असं सांगेन. ग्लास हातात धरून माणूस घोट घोट पितो, जेली मात्र एका घासात जाते, आणि परिणाम जाणवेपर्यंत आणखी चार कप पोटात गेलेले असतात. थाळीजवळ एक चिठ्ठी ठेवा: कोणती दारू, किती कपांची एक बिअर, जिलेटिन की अगर. गाडी चालवणाऱ्याला आणि गरोदर बाईला विचारपूस करत बसावं न लागता आपलं आपण ठरवता येतं.

मुलं असतील तर याहून कडक शिस्त हवी. रंगीत जेली मुलांना बोलावतेच. त्यांची बिनदारूची जेली वेगळ्या आकाराची करा, उदाहरणार्थ चांदण्यांच्या साच्यातली, आणि ती वेगळ्या खोलीत ठेवा. मोठ्यांचे कप झाकण लावून उंचावर ठेवा, प्रत्येक झाकणावर मार्करने खूण करा, आणि पार्टी संपल्यावर उरलेले कप आधी मोजून उचला.

ठेवण-साठवण

झाकण लावलेले कप फ्रिजमध्ये तीन-चार दिवस चांगले राहतात. फ्रीझरमध्ये ठेवू नका, पुन्हा वितळताना जिलेटिनला पाणी सुटतं. दुसऱ्याच्या घरी न्यायचे असतील तर बर्फाच्या पिशव्या टाकलेल्या कूलरमध्ये ट्रे आडवा ठेवा आणि पोचल्यावर निम्मेच कप बाहेर काढा. जिलेटिन पस्तीस अंशांच्या आसपास वितळतं खरं, पण हीटर लावलेल्या, माणसांनी भरलेल्या खोलीत ते त्याआधीच मऊ पडू लागतं. उरलेले निम्मे कप फ्रिजमध्येच राहू द्या आणि थाळी रिकामी होत आली की काढा.